गाविलगडाचा कडा आणि आमची वर्धा नदी

पावसाळ्यात आमच्या आर्वीकडचे लोक चिखलदऱ्याला जातात ते ढग, धबधबे आणि कणीस यांच्यासाठी. मीही तसाच गेलो होतो, सोबत बारा वर्षांचा भाचा. देवी पॉइंटला कड्यावरून चंद्रभागेचं पाणी कोसळत होतं. पंचबोल पॉइंटला भाच्याने स्वतःचं नाव ओरडून पाहिलं आणि दरीने ते परत केलं. भीमकुंडाला मात्र धुकं इतकं की धबधब्याचा नुसता आवाज ऐकला. कड्याच्या काठाने, कधी डांबरी रस्ता तर कधी शेवाळलेली पायवाट, असं फिरत आम्ही शेवटी गाविलगडाच्या दरवाजाशी आलो.

तिथे आमच्या पुढे एक सहल होती. त्यांचा माहितगार जोरात सांगत होता, "आधी गवळ्यांचा, मग मुसलमानांनी घेतला, मग मराठ्यांनी परत मिळवला." मंडळी मान डोलावून आत गेली. भाच्याने माझा हात ओढला. "मामू, मग हा किल्ला आपला की त्यांचा?"

'आपला' म्हणजे कुणाचा आणि 'त्यांचा' म्हणजे कुणाचा, हे मी त्याला विचारलं नाही. त्याला वरती दरवाजाकडे बघायला सांगितलं.

दगडात दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे, सोबत सिंह आणि हत्ती. विजयनगरच्या नाण्यांवर दिसणारा हा पक्षी सातपुड्याच्या कड्यावर कसा आला? फिरिश्ता लिहितो की अहमदशहा बहमनीने १४२५च्या सुमारास एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात, मुक्काम करून गाविलगड बांधला. त्याच अहमदशहाच्या विजयनगरवरच्या स्वारीत एक कानडी हिंदू मुलगा पकडला गेला. वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी तो मुसलमान म्हणून वाढला, पुढे स्वतः सुभेदार झाला आणि बहमनी राज्य मोडलं तेव्हा वऱ्हाडचा पहिला स्वतंत्र सुलतान झाला. हाच फतेहुल्ला इमाद-उल-मुल्क. किल्ल्याच्या मोठ्या दुरुस्तीशी आणि या दरवाजाशी अभ्यासक त्याचंच नाव जोडतात. पक्षी त्याने लहानपणीच्या आठवणीतून कोरून घेतला की एखाद्या कारागिराने आणला, हे दगड सांगत नाही. पण या माणसाला 'आपला' आणि 'त्यांचा' या दोन खणांपैकी कुठे ठेवायचं, ते मला तरी जमलेलं नाही. आमच्यातले काही लोक इमादशाहीचा अभिमान सांगताना त्याचं कानडी बालपण वगळतात, आणि दुसरीकडचे लोक फक्त त्याचं धर्मांतर सांगतात. दोघांनाही अर्धाच माणूस हवा असतो.

मोगल आले, गेले. पुढे किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे आला. माझ्या दृष्टीने खरी गोष्ट १८०३च्या डिसेंबरातली आहे.

२९ नोव्हेंबरला आडगावला भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. त्या लढाईत भोसल्यांच्या बाजूने पायदळाची एक तुकडी थेट गोऱ्या पलटणींवर चालून गेली आणि पुरती कापली गेली. आर्थर वेलस्लीने आपल्या खलित्यात त्यांना 'पर्शियन' म्हटलं आहे. म्हणजे मराठा राजासाठी ते मुसलमान शिपाई मेले. उरलेलं सैन्य गाविलगडावर आलं. किल्लेदार होता बेनीसिंग, रजपूत. आणि समोर? कर्नल स्टीव्हन्सनच्या हाताखाली हैदराबादची तैनाती फौज, जिचा खर्च निजामाकडून निघायचा. तिच्या तोफा उत्तरेकडच्या लबाड्यापर्यंत जंगलातून, दऱ्याखोऱ्यांतून ओढत नेल्या. दक्षिणेकडचे हे कडे कुणी चढून येणार नव्हतं. किल्ल्याची कमजोर बाजू उत्तरेची, जिथे तो पठाराला जोडलेला आहे. तटाला खिंडार पडलं, १५ डिसेंबरला हल्ला झाला. आतल्या तटावर कॅप्टन कॅम्पबेलची माणसं शिड्या लावून चढली आणि त्यांनी दरवाजा उघडला. बेनीसिंगचं प्रेत दरवाजाजवळच्या ढिगात सापडलं. हाच वेलस्ली बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनशी लढला, पण ते आपल्या कामाचं नाही.

आपल्या कामाचा आहे तो दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला झालेला देवगावचा तह. कटक प्रांत कंपनीने घेतला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांकडून काढून निजामाला दिला. गाविलगड आणि नरनाळा मात्र भोसल्यांना परत मिळाले, ते पुढे १८२२मध्ये निजामाकडे गेले. हद्द ठरली वर्धा नदी.

गंमत म्हणजे चिखलदऱ्याच्या या धबधब्यांचा एक थेंबही वर्धेत येत नाही. चंद्रभागेचं पाणी पूर्णेत, पूर्णेचं तापीत, आणि तापी अरबी समुद्राला. आमची वर्धा मुलताईजवळ उगम पावते आणि गोदावरीकडे, उलट्या दिशेला जाते. तरी या कड्यावर पडलेल्या खिंडाराने आमच्या दारातली नदी सरहद्द केली. आर्वी भोसल्यांकडे राहिली आणि समोरचं कौंडण्यपूर निजामाकडे गेलं.

हे राज्यही कुणाला धड पचलं नाही. मे १८५३मध्ये इंग्रजांनी फौजेच्या थकबाकीपोटी निजामाकडून वऱ्हाडचा कारभार घेतला. त्याच डिसेंबरात तिसरे रघुजी वारले आणि १८५४मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. वर्षभरात नदीचे दोन्ही काठ एकाच मालकाकडे! तरीही दोन्हीकडचा कारभार १९०३पर्यंत वेगळाच होता.

माझी नानी पलीकडच्या काठची. सासरी तिला आयुष्यभर 'वऱ्हाडवाली' म्हणत, तिच्या बोलण्याला हसत. मी लहान असताना मला वाटायचं वऱ्हाड हा कुठला तरी दूरचा मुलूख असेल. नाना म्हणायचे, "नाव आणि नावाडी, तेवढंच अंतर."

हे सगळं मी भाच्याला दरवाजाखाली उभं राहून सांगितलं, अर्धं त्याने ऐकलं. आतल्या मशिदीपर्यंत गेलो. पावसाने दगड काळे पडले होते, कुणीतरी भिंतीवर खडूने स्वतःची आणि मैत्रिणीची नावं लिहिली होती. परत येताना त्याने एकच प्रश्न विचारला, "बेनीसिंग आणि ते पर्शियन एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलत असतील?" मला उत्तर आलं नाही. हिंदुस्तानीत बोलत असतील, असं मी म्हटलं.

रात्री कौंडण्यपूरजवळून नदी ओलांडली, तोवर तो झोपला होता. घरी आईने दार उघडलं आणि पिशवीकडे बघत विचारलं, "वऱ्हाडातून काय आणलं?" चिखलदऱ्याची कॉफी आणली होती.