जीडीपीला न दिसणारी शुश्रूषा

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये आदल्या वर्षीच्या वेळ-वापर सर्वेक्षणाचे निष्कर्ष जाहीर केले. १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरच्यांची काळजी घेतात आणि त्यात त्यांची दिवसाला सरासरी १४० मिनिटे जातात. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के, वेळ ७४ मिनिटे. यात मुलांचे संगोपन आले, तशी वृद्धांची शुश्रूषाही आली. बातमी लवकरच विरली. पण तिच्यामागे पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे.

१९४९ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबिस. सदस्य पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव. याच रावांनी पुढे १९७२ मध्ये आमच्या बंगळुरूत सामाजिक व आर्थिक परिवर्तनाचा अभ्यास करणारी ‘आयसेक’ ही संस्था स्थापन केली. समितीच्या सल्लागारांत सायमन कुझनेट्स होते. १९३४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा अंदाज मांडताना गृहिणींच्या सेवा आपण वगळत आहोत, असे त्यांनी स्पष्ट नोंदवले होते. ज्या कामाला बाजारभाव नाही, त्याचे मोल कसे ठरवावे, ही अडचण खरीच होती. भारतानेही तीच सीमारेषा स्वीकारली. कालांतराने कुझनेट्स यांची नोंद विस्मरणात गेली. सीमारेषा तेवढी उरली.

देशाचा आरोग्यखर्च मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत २००० मध्ये ठरली आणि २०११ मध्ये सुधारली गेली. तीत दीर्घकालीन शुश्रूषेला स्वतंत्र रकाना आहे. रुग्णाला अंघोळ घालणे, भरवणे, कपडे बदलणे हे आरोग्यसेवेत. बाजारहाट, स्वयंपाक हे सामाजिक सेवेत. मात्र घरच्या माणसाने हे विनामोबदला केले, तर ते कुठेच नाही. जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषा विमा आहे. तेथे आईला मुलगी सांभाळत असेल, तर त्यापोटी मिळणारा भत्ता राष्ट्रीय खर्चात धरला जातो. तेच काम बंगळुरूत झाले, तर नोंद शून्य. नेदरलँड्स जीडीपीच्या चार टक्क्यांहून अधिक रक्कम या शुश्रूषेवर खर्च करतो, हे वाचताना तेथे १९६८ पासून सार्वजनिक विमा आहे, हेही ध्यानात ठेवावे. हे गुणोत्तर शुश्रूषा मोजत नाही. शुश्रूषेपोटी दिलेला पैसा मोजते.

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक गोष्ट आरंभीच शिकवतात: उपकरणाने शून्य दाखवले म्हणजे राशी शून्य असतेच असे नाही; आधी उपकरण तपासा. आजी अंथरुणाला खिळली, तेव्हा माझ्या आईने नोकरी सोडली. जीडीपीतून तिचे वेतन वजा झाले. शुश्रूषेच्या रकान्यात काहीच जमा झाले नाही. हिशेबाच्या दृष्टीने त्या दिवशी देशात फक्त घट झाली.

साठीपुढील सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना कोणीतरी सांभाळतेच आहे. पण ज्याचा आकडा नाही, त्यासाठी अर्थसंकल्पात तरतूद मागणे कठीण.

मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने राष्ट्रीय लेख्यांची नवी पद्धती स्वीकारली. जीडीपीची सीमारेषा तिने हलवलेली नाही. परंतु विनावेतन घरकामाची जोडलेखी मांडण्यास उत्तेजन दिले आहे. आपल्याकडे मिनिटे मोजून झाली आहेत. १९४९ मध्ये गाडगीळ आणि राव यांच्या हाती ती नव्हती. आता त्या मिनिटांना परिचारिकेच्या वा मदतनिसाच्या वेतनाने गुणून जीडीपीशेजारी एक ओळ छापता येईल. ती न छापणे हाही यापुढे एक निर्णयच ठरेल.