त्रिस्थळीच्या लावण्या आणि तंजावरचा यात्रिक राजा

मराठीतील प्रवासवर्णनाची परंपरा सांगावयाची झाली म्हणजे विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथाचा उल्लेख प्रथम व्हावा, हे साहजिकच आहे. 1857 च्या धामधुमीत सापडलेल्या त्या गरीब भिक्षुकाची हकीकत मराठी गद्याचे भूषण होय. तथापि या उल्लेखाने परंपरेचा आरंभ सांगून झाला असे मानले, तर कावेरीकाठी नांदलेल्या मराठीचे एक दालन बंदच राहते. गोडसे भटजी उत्तरेकडे निघण्यापूर्वी सदतीस वर्षे, म्हणजे 1820 साली, तंजावरचे सरफोजीराजे भोसले काशीयात्रेस निघाले. सुमारे तीन हजार माणसांचा लवाजमा त्यांच्यासोबत होता. 1822 साली ते परतले. या यात्रेने मराठीला 'त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या' दिल्या. राजाची तीर्थयात्रा आणि तिचे वर्णन लावणीत, हा योग वरवर पाहता विजोड वाटतो. परंतु तंजावरच्या मराठी संस्कृतीचे मर्म याच योगात सापडते.

ही यात्रा समजण्यासाठी यात्रिकाचे स्थान प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी 1676 च्या सुमारास तंजावरची गादी मिळविली. तीवर 1787 मध्ये तुळजाराजांचे दत्तक पुत्र म्हणून सरफोजींचा हक्क निर्माण झाला. तो हक्क पदरात पडण्यास अकरा वर्षे लागली, आणि पडला तोच राज्य हातचे गेले. 1799 च्या तहाने कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला व त्याभोवतीचा थोडा मुलूख उरला, आणि वर्षाला एक लाख होन व निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा अशी नेमणूक ठरली. बावीस वर्षांच्या या राजाला सिंहासन होते, परंतु राज्य नव्हते. 1803 साली त्याने चोळांच्या बृहदीश्वर मंदिराच्या आवारात भोसले कुळाचा विस्तृत मराठी इतिहास शिळेवर कोरविला. घडविण्याजोगा इतिहास जेव्हा हाती उरत नाही, तेव्हा घडलेला इतिहास कोरून ठेवण्याची निकड अधिक भासते, असेच या शिलालेखावरून वाटते.

राज्य गेले तरी राजधर्माचे एक अंग सरफोजींनी सोडले नाही. ते म्हणजे यात्रिकांचे आतिथ्य. काशीचे गंगोदक रामेश्वरास वाहावयाचे आणि सेतूची वाळू काशीस न्यावयाची, या प्राचीन संकेताने भरतखंडाची दोन टोके जोडलेली आहेत. रामेश्वराकडे जाणारा मोठा मार्ग तंजावरच्या मुलखातून जात असे. या मार्गावर भोसले राजांनी छत्रे उभारली, आणि त्यांतील कित्येकांना राजस्त्रियांची नावे दिली. ओरत्तनाडु येथील मुक्तांबाळ छत्र सरफोजींनी 1802 मध्ये आपल्या प्रिय सहचरीच्या स्मरणार्थ बांधले. 1801 साली त्यांनी कंपनीच्या रेसिडेंटास या छत्रांविषयी जे पत्र लिहिले, ते आजही वाचण्याजोगे आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी असा कोणीही वाटसरू आला तरी त्यास अन्न मिळते. शिजविलेले अन्न न चालणाऱ्यास शिधा दिला जातो. मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी राहिला असल्यास त्यास बोलावले जाते. आजाऱ्यास वैद्य, तान्ह्या मुलास दूध, बाळंतिणीची शुश्रूषा, आणि वाटेतच मरण पावलेल्यास अंत्यसंस्कार, अशी सर्व व्यवस्था त्या पत्रात सांगितली आहे. छत्रांस धक्का लावू नये, एवढीच त्यात विनवणी आहे. सैन्य व न्यायासन गेलेला राजा मध्यरात्रीची घंटा मात्र आपल्या हाती राहावी म्हणून झगडत होता.

अशा रीतीने जो इतरांच्या यात्रांचा यजमान होता, तो 1820 मध्ये स्वतः यात्रिक झाला. काशीहून रामेश्वराकडे येणारा प्रवाह ज्याच्या दारावरून वाहत असे, तो प्रवाहाच्या उगमाकडे निघाला. तत्पूर्वी त्याने जगाचा प्रवास कागदावर करून पाहिला होता. त्याच्या नावे असलेले 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक याची साक्ष देते. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरात राहणारी, भविष्य सांगणारी कुरवंजी नायिकेपुढे येते आणि आपण पाहिलेल्या देशांचे, नद्यांचे व पर्वतांचे वर्णन गाते. या सांकेतिक वर्णनाच्या जागी सरफोजींनी जगाचा नवा भूगोल घातला. युरोपीय ग्रंथांतून आलेली माहिती तमिळ घाटाच्या नाटकात मराठी पदांच्या चालीवर सांगितली गेली. ज्या राजाने 1805 च्या सुमारास राजवाड्यात देवनागरी छापखाना घातला, आणि ज्याच्या छापखान्यातून 1806 साली इसापच्या गोष्टींचा मराठी अनुवाद 'बालबोध मुक्तावली' या नावाने बाहेर पडला, त्याच्या हातून असे होणे स्वाभाविकच होते. नवे ज्ञान हवे, परंतु ते आपल्या लोकांच्या कानास परिचित असलेल्या स्वरातून यावे, हे त्याच्या साऱ्या उद्योगाचे सूत्र दिसते.

या सूत्राच्या प्रकाशात पाहिले म्हणजे लावणीची निवड चमत्कारिक वाटत नाही. प्रयाग, काशी आणि गया या त्रिस्थळीचे माहात्म्य संस्कृतात विपुल होते. सोळाव्या शतकात काशीस 'त्रिस्थलीसेतु' हा प्रमाणग्रंथ रचणारे नारायणभट्ट पैठणहून गेलेल्या घराण्यातलेच. तेव्हा राजाश्रयाखालील पंडितास एखादे चंपूकाव्य रचून यात्रेस शास्त्राचा साज चढविणे अवघड नव्हते. परंतु माहात्म्यग्रंथ स्थळाचे असते आणि लावणी प्रसंगाची असते. माहात्म्यात तीर्थ सनातन असते. तेथे कोण गेला, केव्हा गेला, याला महत्त्व नाही. लावणी मात्र श्रोत्यांच्या समोर गावयाची असते. धृपदापाशी परत परत येत ती पुढे सरकते, आणि म्हणून मजल दरमजल करीत जाणाऱ्या प्रवासाची गती तिला सहज पेलते. शृंगाराशीच लावणीचे लग्न लागले आहे, हा समज पुष्कळ उत्तरकालीन होय. पेशवाईतील शाहिरांनी देवस्थाने, शहरे व समकालीन घटना यांवरही लावण्या रचल्या होत्या. तंजावरकरांनी मायभूमीपासून दूर राहूनही हा व्यापक अर्थ जतन केला.

याच सुमारास दक्षिणेतून निघालेल्या दुसऱ्या एका यात्रेशी तुलना केल्यास हा विशेष अधिक स्पष्ट होतो. मद्रासच्या सुप्रीम कोर्टातील दुभाषी एनुगुल वीरास्वामी यांनी 1830–31 मध्ये काशीयात्रा केली, आणि त्यांचे तेलुगू वर्णन 1838 साली छापले गेले. ते रोजनिशीच्या धर्तीचे गद्य आहे. मुक्काम, रस्ते, बाजार व चालीरीती यांची त्यात दक्ष नोंद आहे. गोडसे भटजींचे गद्यही असेच डोळसपणे पाहणाऱ्याचे आहे, परंतु त्यात पोटाची चिंता आणि जिवाची भीती आहे. शेवटी आईवडिलांसाठी कावडीतून आणलेली गंगा आहे. राजाच्या यात्रेची लावणी या दोहोंहून निराळी. राजा स्वतः पाहतो त्याहून अधिक पाहिला जातो, आणि अशा गीतात साहजिकच मिरवणूक पुढे येते व पालखीचे भोई मागे राहतात. तीन हजार माणसांच्या त्या तळावर पाणी भरणारे, चुली पेटविणारे, ओझी वाहणारे शेकडो हात असले पाहिजेत. त्यांच्यापैकी कोणी आपली हकीकत लिहिली असती, तर ती गोडसे भटजींच्या हकीकतीच्या शेजारी शोभली असती. शिवाय या वैभवाचा खर्च ज्या नेमणुकीतून व महसुली हिश्शातून चालत होता, तो अखेर कावेरीकाठच्या भातशेतीतूनच आलेला होता. लावणीचे मोल जाणताना या मर्यादेचे भान सोडता येत नाही.

मात्र राजयात्रेचा न्याय केवळ तिच्या थाटावरून करणेही योग्य नाही. यात्रिकाने परत काय आणले, हे पाहिले पाहिजे. सामान्य यात्रेकरू काशीहून गंगेचा गडू आणतो. सरफोजींनी पोथ्या आणल्या. काशीच्या वास्तव्यात पंडित नेमून त्यांनी संस्कृत हस्तलिखिते मिळविली व नकला करविल्या. काशीच्या घाटांची चित्रेही काढवून घेतली. हा संग्रह राजवाड्यातील सरस्वती महालात दाखल झाला. सरफोजी 1832 मध्ये वारले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे 1855 साली पुत्रसंतान नसताना निवर्तले, आणि कंपनीने उरलेसुरले संस्थानही खालसा केले. किल्ल्यावरची सत्ता गेली, परंतु पोथ्या राहिल्या. 1880 साली बर्नेलने तेथील संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची प्रसिद्ध केली, तेव्हा या संग्रहाचे महत्त्व युरोपातील विद्वानांसही कळले. 1918 मध्ये ग्रंथालय लोकांसाठी खुले झाले. तेथे मराठी हस्तलिखितेच तीन हजारांहून अधिक आहेत. त्रिस्थळीच्या लावण्याही या ग्रंथालयानेच छापून प्रकाशात आणल्या.

आज तंजावर हे सुखसोयींनी युक्त अशा सांस्कृतिक पर्यटनाचे एक ठाणे झाले आहे. युनेस्कोने 1987 मध्ये बृहदीश्वर मंदिरास जागतिक वारशाचे स्थान दिले. राजराज चोळाने 1010 च्या सुमारास पूर्ण केलेले ते उत्तुंग विमान पाहण्यास देशोदेशीचे लोक येतात, आणि यावे असेच ते आहे. परंतु ठरलेल्या घटकांत अनेक नगरे व देवळे दाखविणाऱ्या प्रवासात त्याच आवारातील मराठी शिलालेखापाशी थांबण्यास सवड सापडतेच असे नाही. वातानुकूलित गाडीने जाणाऱ्या पाहुण्याची आणि तीन हजारांचा तळ घेऊन निघालेल्या राजाची सुखासीनता तत्त्वतः फारशी निराळी नाही. फरक पडतो तो यात्रेपूर्वी काय केले आणि यात्रेनंतर काय ठेवले, यात. सरफोजींच्या यात्रेच्या अलीकडे दुसऱ्यांच्या यात्रेसाठी चालविलेली छत्रे आहेत, आणि पलीकडे दुसऱ्यांच्या वाचनासाठी राहिलेला ग्रंथसंग्रह आहे. या दोहोंच्या मध्ये ती लावणी उभी आहे.

त्या लावणीचा नाद तंजावरच्या मातीतून अगदीच लोपला, असेही नाही. मराठ्यांबरोबर गेलेला हा गीतप्रकार तेथील तमिळ लोकांनी उचलला. मदन जळाला की जळाला नाही, या वादावर दोन पक्षांनी सवालजवाबात गावयाची तमिळ लावणी तंजावरच्या ग्रामीण भागात रूढ झाली. कुरवंजी मराठीत आली आणि लावणी तमिळमध्ये गेली. अशी देवाणघेवाण जेथे घडली, तेथील वाङ्मय महाराष्ट्राबाहेरचे म्हणून परिशिष्टात ढकलणे हे मराठी वाङ्मयेतिहासास शोभणारे नाही. त्रिस्थळीच्या लावण्या पुण्या-सातारच्या शाहिरांच्या रचनांशेजारी ठेवून, त्यांची भाषा, चाली आणि तमिळ-तेलुगूचा संस्कार तपासून वाचल्या गेल्या पाहिजेत. तसे झाले म्हणजे मराठी प्रवासवर्णनाच्या इतिहासाचे पहिले प्रकरण वरसईहून नव्हे, तर तंजावरहून सुरू करावे लागेल.