कारीचा आवाज कुठे गेला?

अम्मीने वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कुरआन पुन्हा शिकायला घेतला. लहानपणी मोहल्ल्यातल्या मदरशात ती नाजरा पढली होती, पण तजवीद म्हणून वेगळं काही तिला कुणी शिकवलं नव्हतं. आता पुण्याच्या एक आपा फोनवरून बायकांना शिकवतात. आधी कारीची तिलावत ऐकायची, मग स्वतः म्हणून दाखवायची. म्हणजे फोनला जोडायचं यंत्र असं हवं की त्यातून नीट ऐकूही येईल आणि आपला आवाज नीट पोहोचेलही. शिवाय दुपट्टा आणि चष्मा सांभाळून ते तासभर डोक्यावर राहायला हवं.

मागणी एवढीच. पण ती पुरी व्हायला आम्हाला चार महिने लागले.

पहिल्यांदा कपाटातून एक जुना इअरफोन काढला, कुठल्याशा आधीच्या फोनबरोबर आलेला. पिन भोकात व्यवस्थित बसली. अम्मीने तिलावत लावली आणि म्हणाली, "अरे, कारीसाहेब विहिरीत पडले का?" मी कानाला लावून पाहिलं. खरोखरच आवाज नव्हता म्हटलं तरी चालेल, तळाशी कुठेतरी पुसट गुणगुण. एक जुनं सिनेमाचं गाणं लावलं, तर वाद्यं ऐकू येत होती आणि गाणारी बाई गायब. वायरीवरचं बटण दाबून धरलं की सगळं परत जागेवर. बटण सोडलं की बाई पुन्हा गायब.

हे असं का होतं ते शोधता शोधता मी बराच मागे गेलो.

त्या पिनेचं मूळ टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आहे. 1878च्या सुमारास अमेरिकेत एक्स्चेंज सुरू झाली. एका माणसाची लाइन दुसऱ्याला जोडायची म्हणजे दोरीच्या टोकाची पितळी पिन फळ्यावरच्या भोकात खुपसायची. आधी हे काम पोरं करायची, पण ती गिऱ्हाइकांशी उद्धटपणे बोलत. म्हणून 1 सप्टेंबर 1878 रोजी बोस्टनमध्ये एमा नट या बाईला नेमलं गेलं, आणि पुढे हा पेशाच बायकांचा झाला. ती पाव इंच जाडीची पिन पुढे गिटारला आणि मोठ्या हेडफोनला लागली. ट्रान्झिस्टर रेडिओच्या काळात तिचंच साडेतीन मिलिमीटरचं पिल्लू निघालं. अम्मीच्या फोनला होतं ते हेच.

त्या काळात एक्स्चेंजवर काम करणाऱ्यांसाठी एक साज निघाला होता. बोलण्याचं आणि ऐकण्याचं यंत्र खांद्यावर घ्यायचं, वजन कित्येक पौंड. त्याला हेडफोनचा पूर्वज म्हणतात, मला ते बैलाच्या जोखडाच्या जास्त जवळचं वाटतं. 1891 साली एर्नेस्ट मेर्काडिए या फ्रेंच इंजिनिअरने कानात घालायच्या चिमुकल्या टेलिफोनचं पेटंट घेतलं. आजच्या इअरफोनसारखंच, रबरी टोपणासकट. पण कल्पना काळाच्या फार पुढे होती.

डोक्यावरून पट्टा आणि दोन्ही कानांवर वाट्या, हा आपल्या ओळखीचा हेडफोन घडवला तो नॅथॅनिएल बाल्डविनने. हा युटा राज्यातला मॉर्मन पंथाचा माणूस, स्टॅनफर्डमध्ये शिकलेला. मोठ्या धर्मसभेत प्रवचन ऐकू येत नाही म्हणून त्याला आवाज वाढवण्याचा नाद लागला, असं सांगतात. मशिदीच्या शेवटच्या सफीत बसून ज्याने जुम्याचा खुतबा ऐकायचा प्रयत्न केलाय, त्याला हे वेगळं समजावायला नको. 1910 साली त्याने अमेरिकन नौदलाला पत्र लिहिलं. कागद गुलाबी-निळे, शाई जांभळी. असलं पत्र कुठल्याही सरकारी कचेरीत कचऱ्यात जायचं. पण त्याने हेडफोनची जोडी नमुना म्हणून पाठवली, नौदलातल्या लोकांनी ती तपासली, आणि त्यांच्याकडच्या यंत्रांपेक्षा ती कितीतरी सरस निघाली. प्रत्येक वाटीत बारीक तांब्याच्या तारेची प्रचंड लांबीची गुंडाळी होती, त्यामुळे बिनतारी संदेशातला क्षीण टिकटिकाटसुद्धा स्पष्ट यायचा. वेगळी वीज लागत नव्हती.

नौदलाने शंभर मागितले. बाल्डविनने कळवलं की एका वेळी दहाच जमतील, कारण तो ते स्वयंपाकघरात बनवत होता.

नौदलाची पहिली तक्रारही आवाजाची नव्हती, आरामाची होती. डोक्यावरचा पट्टा टोचतो. मग त्याने चामड्याने मढवलेल्या दोन तारा लावल्या, डोक्याच्या मापाप्रमाणे वरखाली सरकणाऱ्या. म्हणजे या वस्तूच्या पहिल्या गिऱ्हाइकानेच जे म्हटलं होतं तेच अम्मी शंभरेक वर्षांनी म्हणत होती: आवाज बरा आहे, पण डोकं दुखतं.

पहिल्या महायुद्धात मागणी वाढली, कारखाना उभा राहिला, मग रेडिओचं वेड आलं. पण पैसा त्याच्या हातात टिकला नाही. मॉर्मन पंथाच्या मुख्य प्रवाहाने बहुपत्नीत्व सोडल्यानंतरही ते चालू ठेवू पाहणाऱ्या गटाकडे त्याचा ओढा होता, आणि त्या लोकांना तो सढळ हाताने पोसत राहिला. 1924 साली दिवाळं निघालं. पुढे टपालातून फसवणूक केल्याच्या आरोपात तुरुंगवास झाला. 1961 साली तो गरिबीतच वारला. एक आपला माझा योगायोग सांगतो: त्याच 1961 साली कैरोत शेख महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजात संपूर्ण कुरआनचं पहिलं ध्वनिमुद्रण पुरं झालं. अम्मीच्या आपा शिकणाऱ्या बायकांना ऐकायला लावतात ते हेच हुसरी.

मधल्या वर्षांबद्दल थोडक्यात. 1958 साली अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या जॉन कॉसने स्टीरिओ ऐकण्यासाठी हेडफोन काढला, आणि तोवर कामाचं असलेलं हे यंत्र करमणुकीचं झालं. 1968 साली जर्मनीच्या सेनहायझरने एचडी 414 आणला. त्याच्या वाट्या बंद नव्हत्या, स्पंजच्या हलक्या गाद्या होत्या, कान कोंडले जात नव्हते. मग 1 जुलै 1979 रोजी जपानमध्ये सोनीचा वॉकमन विकायला आला. आधीचे हेडफोन तीनशे-चारशे ग्रॅमचे असत, वॉकमनचा जेमतेम पन्नास ग्रॅमचा होता. त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन भोकं होती आणि एक केशरी बटण. ते दाबलं की गाणं दबायचं आणि छोट्या मायक्रोफोनमधून बाजूच्या माणसाचं बोलणं कानात यायचं. ऐकणं आणि बोलणं एकाच यंत्रात आणण्याची खटपट इथेही होती.

आमच्याकडे वॉकमन आला तो अब्बांबरोबर, कुवेतहून. कोकणातल्या आमच्यासारख्या कितीतरी घरांत तो तसाच आला. त्याआधी अब्बांचा आवाज कॅसेटवर यायचा. आखातातून येणारा गाववाला बॅगेतून कॅसेट आणायचा आणि सगळं घर टेपभोवती बसायचं. एका बाजूला दादांना सलाम, मुलांना अभ्यासाची ताकीद, पैशांचा हिशोब. दुसरी बाजू अम्मी एकटीच ऐकायची, वॉकमनवर, माजघरात, स्पंजच्या त्या गाद्या कानांवर दाबून. त्यात काय होतं हे आम्ही कधी विचारलं नाही.

आता कारीसाहेबांकडे.

वॉकमनच्या पिनेला तीन भाग होते: डावा कान, उजवा कान आणि दोघांची मिळून एक परतीची वाट. मोबाइलला मायक्रोफोनही हवा, म्हणून त्याच पिनेवर चौथा भाग आला. पिनेवर तीन काळ्या रेषा दिसल्या तर ती चार भागांची. घोळ इथेच झाला. एका जमातीने ठरवलं की टोकाकडून तिसरा भाग मायक्रोफोनचा आणि चौथा परतीचा. हा ओएमटीपी नावाचा प्रघात, मोबाइल कंपन्यांच्या एका मंडळाचा, जुन्या नोकियांसारख्या फोनवर चाललेला. दुसऱ्या जमातीने नेमकं उलट केलं, तिसरा परतीचा आणि चौथा मायक्रोफोनचा. त्याला सीटीआयए म्हणतात. आयफोन त्या बाजूला गेला, मागोमाग बहुतेक अँड्रॉइडही गेले, आणि जिंकला तोच. पण दोन्ही पिना दिसायला सारख्या, एकाच भोकात बसणाऱ्या.

आमचा कपाटातला इअरफोन पहिल्या जमातीचा, अम्मीचा फोन दुसऱ्या. असं झालं की दोन कानांना परतीची वाटच मिळत नाही. मग वीज एका कानातून निघून दुसऱ्या कानातून परत फिरते, आणि ऐकू येतो तो फक्त डाव्या-उजव्यातला फरक. गाण्यात गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा असतो, म्हणून तो एकमेकांत विरतो आणि वाद्यं उरतात. हुसरींची तिलावत तर जुनी, एकाच वाहिनीची. डाव्या-उजव्यात काही फरकच नाही. मग उरणार काय? बटण दाबलं की मायक्रोफोन आणि परतीची वाट जोडली जाते, वीज नीट फिरते, आणि कारीसाहेब विहिरीतून वर येतात.

बटणांचीही अशीच भाऊबंदकी आहे. अँड्रॉइडच्या इअरफोनमध्ये प्रत्येक बटणामागे वेगवेगळा रोध असतो. आवाज वाढवायला 240 ओहमचा, कमी करायला 470चा, मधल्या बटणाला जवळजवळ शून्य. कुठलं बटण दाबलं ते फोन त्यावरून ओळखतो. ॲपलची खूण वेगळी. म्हणून एकाचा इअरफोन दुसऱ्याला लावला तर मधलं बटण चालतं, बाजूची दोन मुकी राहतात.

धाकट्या भावाने मग दुबईहून बिनवायरीचे इअरबड पाठवले. ब्लूटूथचे. एरिक्सनने 1994 साली स्वीडनच्या लुंडमध्ये या कामाला सुरुवात केली होती. नाव मिळालं ते हराल्ड ब्लाटांड या दहाव्या शतकातल्या डॅनिश राजावरून. फुटकळ टोळ्या एकत्र आणणारा राजा, तसं वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं जोडणारं तंत्र. 2016च्या सप्टेंबरात आयफोन 7 आला तो साडेतीन मिलिमीटरच्या भोकाशिवाय. कंपनीने त्याला हिंमत म्हटलं. मी त्याला हिंमत म्हणणार नाही, खर्च गिऱ्हाइकाच्या खिशावर ढकलणं म्हणेन. पण इतरांनीही तोच रस्ता धरला.

अम्मी पहिल्या दिवशी खूश होती. वायर नाही, दुपट्ट्यात काही अडकत नाही, तिलावत सुरेख. मग आपांचा कॉल लागला आणि आवाज बदलला, जुन्या ट्रंक कॉलसारखा झाला. अम्मीने सूर-ए-कौसर म्हटली. आपांनी थांबवलं. पुन्हा म्हटली, पुन्हा थांबवलं. आठवडाभर ती त्या एका शब्दावर अडकून होती.

आपल्याकडे उर्दूत से, सीन आणि स्वाद ही तीन अक्षरं आपण एकसारखी 'स' म्हणतो. अरबीत ती तीन वेगळी आहेत. कौसरमधला 'से' जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला लावून काढायचा असतो, शीळ न घालता. सीनमध्ये शीळ असते. हा शिळेचा फरक बहुतांशी चार हजार हर्ट्झच्या वर असतो. जुन्या टेलिफोनचा पट्टा 300 ते 3400 हर्ट्झ. म्हणूनच फोनवर नाव सांगताना 'स' की 'फ' असं विचारावं लागायचं. ब्लूटूथवर गाणी एका रस्त्याने जातात आणि बोलणं दुसऱ्या. मायक्रोफोन सुरू झाला की गाण्याचा रुंद रस्ता बंद होतो आणि दोन्ही दिशांचा आवाज बोलण्याच्या अरुंद रस्त्याने जातो. त्या रस्त्याच्या जुन्या पद्धतीत सेकंदाला आठ हजारच नमुने घेतले जातात, म्हणजे चार हजार हर्ट्झच्या वरचं काही उरत नाही. नव्या पद्धतीत सोळा हजार घेतात, पण दोन्ही टोकांना ती असेल तरच. आमचे बड जुन्या वाटेचे होते. आपा 'से' म्हणून दाखवत होत्या तो अम्मीच्या कानापर्यंत पोहोचत नव्हता, आणि अम्मी म्हणत होती तो आपांपर्यंत. अम्मीला मात्र वाटायला लागलं होतं की आता आपल्या जिभेचं वय झालं. एका संध्याकाळी ती म्हणाली, "राहू दे, माझ्याने होणार नाही." तिने मुसहफ गुंडाळून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेलो. दुकानदार मोठ्या वाट्यांचे, जाड गाद्यांचे हेडफोन दाखवत होता. पण दुपट्ट्यावरून ती गादी नीट बसत नाही, दुपट्ट्याखाली घातली तर दहा मिनिटांत घाम, आणि चष्म्याची दांडी कानामागे रुतते ती वेगळीच. वायरवर मायक्रोफोन असलेले इअरफोनही पाहिले. त्यात मायक्रोफोन हनुवटीखाली दुपट्ट्याला घासतो आणि समोरच्याला नुसती खरखर ऐकू जाते. शेवटी घेतला तो साधा, हलका, वायरचा. डोक्यावरून पातळ पट्टी, कानांवर स्पंज, तोंडापाशी येणारी मायक्रोफोनची काडी. ऑफिसात फोन घेणारी मुलं वापरतात तसा. एकच पिन, तिच्यावर तीन काळ्या रेषा, सीटीआयए. दुकानातच अम्मीला फोन लावून खात्री करून घेतली, आणि दुकानदाराच्या तोंडावरची कंटाळ्याची छटा न पाहिल्यासारखं केलं.

अम्मीने तो हातात घेतला, स्पंज दाबून पाहिला आणि म्हणाली, "हा तर तुझ्या अब्बांच्या वॉकमनचाच."

कौसर तिसऱ्या दिवशी सुटली. सध्या आपा तिला 'ऐन'वर अडवताहेत, आणि त्यात हेडफोनचा काही दोष नाही.