तंबोऱ्याच्या नादाची पुनर्निर्मिती : मिरजेची जवारी आणि आधुनिक उपकरणे

प्रस्तावना

जुन्या वाद्याचा नाद नव्या उपकरणातून जसाच्या तसा उमटविण्याची धडपड हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संगीतव्यवहाराचे एक ठळक वैशिष्ट्य आहे. पाश्चात्त्य संगीतातील त्याचे परिचित उदाहरण म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा जुना स्वच्छ स्वर. 1963 साली आलेल्या 'फेंडर ट्विन रिव्हर्ब'सारख्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमधून ऐकू येणारा हा स्वर आज संगणकीय प्रणालींद्वारे पुन्हा निर्माण केला जातो. महाराष्ट्रात याच स्वरूपाचा प्रश्न तंबोऱ्याच्या संदर्भात उभा राहिला आणि त्याचे केंद्र सांगली जिल्ह्यातील मिरज हे आहे. नादाची नक्कल करताना प्रत्येक टप्प्यावर नेमके काय उचलले गेले आणि काय मागे राहिले, याचा ऐतिहासिक आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मिरजेतील वाद्यनिर्मितीची परंपरा

मिरजेत तंतुवाद्यांची निर्मिती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होत आली आहे. ब्रिटिश अंमल स्थिरावल्यावर शस्त्रांची मागणी ओसरली आणि हत्यारांना धार लावणारी शिकलगार मंडळी वाद्यांच्या दुरुस्तीकडे व पुढे निर्मितीकडे वळली, असे परंपरेने सांगितले जाते. या परंपरेचे आद्य कारागीर म्हणून फरीदसाहेब यांचे नाव घेतले जाते. मिरज संस्थानच्या पटवर्धन अधिपतींचा या कलेला आश्रय लाभला. मंगळवेढा परिसरातील भोपळे, तून लाकडाची दांडी व तबली, आणि पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेला हात यांतून येथील तंबोरा घडतो.

या परंपरेला गायकांचा निकट सहवास मिळाला. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (1872–1937) मिरजेत स्थायिक झाले. वाद्यांची दुरुस्ती व जुळवणी यांत ते स्वतः निष्णात होते. त्यामुळे कारागिराची कानस आणि गायकाचा कान यांची गाठ येथे एकाच गावात पडली. याच काळात सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींचे मापन हाती घेतले व 1910 मध्ये बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रयोगांस खाँसाहेबांनी गायनाने साहाय्य केले. या विचारातून श्रुती-हार्मोनियमही पुढे आली. म्हणजेच परंपरागत स्वर यंत्रात बसविण्याचा एक प्रयत्न या परिसराने इलेक्ट्रॉनिक युगाच्या कितीतरी आधी पाहिला होता.

जवारी : नादाचे शास्त्र

तंबोऱ्याचा गुंजणारा नाद प्रामुख्याने जवारीतून येतो. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा सपाट नसून अत्यंत सौम्य उताराचा असतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती धागा सरकवून एका सूक्ष्म ठिकाणी थांबविला की नाद 'उघडतो'. तारेच्या प्रत्येक कंपनागणिक घोडीशी होणारा तिचा स्पर्श किंचित बदलतो आणि तारेतील ऊर्जा वरच्या स्वयंभू स्वरांकडे वळते.

सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात या घटनेकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. यंग व हेल्महोल्ट्झ यांच्या नियमानुसार तार ज्या बिंदूवर छेडली जाते, त्या बिंदूवर ज्यांचा निस्पंद पडतो ते स्वयंभू स्वर उमटू नयेत. उदाहरणार्थ, तार बरोबर मध्यावर छेडल्यास दुसरा, चौथा असे सम क्रमांकाचे स्वर लोपले पाहिजेत. वीणा आणि तंबोरा यांत मात्र असे स्वरही जोमाने ऐकू येतात, असे रामन यांना आढळले. त्याचे कारण त्यांनी घोडीच्या विशिष्ट रचनेत शोधले. षड्जाच्या तारेतून पाचवा स्वयंभू स्वर म्हणून शुद्ध गंधार प्रकटतो तो याच संपन्नतेमुळे. हा गंधार पेटीच्या समविभाजित गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट उतरलेला असतो. किराणा गायकीत स्वराच्या सूक्ष्म स्थानाला जे महत्त्व आहे, त्याची पार्श्वभूमी येथे आहे.

यंत्रातील तंबोरा

बंगळूरचे अभियंते जी. राज नारायण यांनी 1979 मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा सिद्ध केला. विद्युत्-मंडलातून निर्माण होणारे स्वर ठरावीक क्रमाने वाजत राहणे, हे या पहिल्या टप्प्याचे स्वरूप होते. येथे स्वराची उंची व छेडण्याचा क्रम यांची नक्कल साधली; जवारीचा भरणा मात्र अपुराच राहिला. दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण अंकीय रूपात साठवून तेच पुनःपुन्हा वाजविले जाऊ लागले. तिसऱ्या टप्प्यात हा तंबोरा मोबाइल संचात आला.

या उपकरणांचे श्रेय नाकारता येत नाही. साथीला माणूस नसताना रियाज करणे, पावसाळी हवेत न उतरणारा स्वर मिळणे आणि प्रवासात वाद्य खिशात बाळगणे त्यांच्यामुळे शक्य झाले. तंबोरा घेण्याची ऐपत नसलेल्या असंख्य विद्यार्थ्यांना अखंड षड्ज त्यांनीच दिला. तथापि ध्वनिमुद्रित नाद हा एका तंबोऱ्याचा, एका पट्टीतील, एका दिवशी लावलेल्या जवारीचा असतो. पट्टी बदलली की यंत्र तोच नाद वर-खाली सरकविते. कारागीर अशा वेळी तारेची जाडी, धाग्याची जागा आणि प्रसंगी घोडीचा माथाही बदलतो.

गिटारशी तुलना

गिटारचा स्वच्छ स्वर यंत्रात तुलनेने सहज का उतरला, हे पाहिले असता वरील भेद अधिक स्पष्ट होतो. गिटारच्या तारेचे कंपन चुंबकीय पिकअपमध्ये विद्युत्-संकेताचे रूप घेते आणि तेथून ते ॲम्प्लिफायर व स्पीकरकडे जाते. ॲम्प्लिफायरवर ताण पडत नाही तोवर जेवढा संकेत आत जाईल त्याच प्रमाणात तो बाहेर येतो. स्वच्छ स्वराची व्याख्याच या प्रमाणबद्धतेत आहे. अशा प्रमाणबद्ध मालिकेतील स्पीकर-पेटीचा प्रतिसाद एकदा मोजला की तो कोणत्याही वादनावर चढविता येतो. शिवाय खरी तार आणि खरा हात वादकाजवळ राहतातच.

तंबोऱ्याचे तसे नाही. भोपळ्याचा अनुनाद याच पद्धतीने मोजता येईल; परंतु तार व घोडी यांच्या स्पर्शात प्रमाणबद्धता नाही. तार किती जोराने छेडली, धागा कोठे आहे, माथा किती झिजला आहे, यांवर परिणाम पालटतो. गिटारच्या बाबतीत यंत्राने यंत्राची नक्कल केली. तंबोऱ्याच्या बाबतीत यंत्राला एका हस्तकौशल्याची नक्कल करावयाची होती आणि त्याच्या हाती लागला तो त्या कौशल्याचा केवळ एक परिणाम.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, जवारी हा साठविण्याजोगा ध्वनी नसून ती सतत करावी लागणारी जुळवणी आहे. तंबोरा लावताना विद्यार्थ्याचा कान तयार होतो. स्वयंभू गंधार ऐकू येईपर्यंत थांबणे हाच स्वरज्ञानाचा पहिला पाठ असतो. आधीच जुळलेले यंत्र षड्ज पुरविते, पण हा पाठ वगळते. नवा तंबोरा घेणारे घटले तर जवारी लावणाऱ्या हातांचे कामही घटते, आणि ज्या मूळ नादावरून नकलेची पारख करावयाची तो नाद घडविणारेच उरत नाहीत.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन प्राप्त झाले, ही समाधानाची बाब होय. मात्र मानांकनाने नावाचे संरक्षण होते; कौशल्याचे संरक्षण त्याच्या वापरातूनच होते. सांगली जिल्ह्यात वाळव्यापासून मिरजेपर्यंतच्या महाविद्यालयांतील संगीत विभागांनी रियाजासाठी यंत्र अवश्य वापरावे. परंतु विभागात किमान एक चालता तंबोरा ठेवून तो विद्यार्थ्यांकडूनच लावून घ्यावा आणि वर्षातून एकदा तरी मिरजेच्या कारागिराकडून त्याची जवारी काढून घ्यावी. अशा साध्या व्यवस्थेतून विद्यार्थ्याचा कान आणि कारागिराचा हात ही दोन्ही टिकून राहतील.