याक्यू-शब्दावली (जपानी भाषाशिक्षणात)

बेसबॉलसाठी जपानीत रूढ झालेले कांजी-शब्द. 'याक्यू' म्हणजे बेसबॉल. त्यातले पहिले अक्षर मैदानाचे, दुसरे चेंडूचे.

इतिहास. अमेरिकन शिक्षक होरेस विल्सन यांनी १८७२ मध्ये हा खेळ तोक्योत आणला असे मानतात. 'याक्यू' हा प्रतिशब्द चूमान कानाए यांचा (१८९४). हायकूकार मासाओका शिकी (१८६७–१९०२) यांनाही त्याचे श्रेय दिले जाते. नोबोरु या आपल्या नावावरून त्यांनी हीच अक्षरे 'नो-बोरु' अशी वाचून टोपणनाव घेतले होते. खेळाचे नाव म्हणून मात्र नव्हे. दाशा (फलंदाज), सोशा (धावणारा), चोक्क्यू (सरळ चेंडू) आणि हिक्यू (उंच उडालेला चेंडू) हे शब्द त्यांचे.

नमुना वाक्य. 'योबान दाशा गा मानरुइ दे सानशिन शिता': चौथ्या क्रमांकाचा फलंदाज तिन्ही बेस भरलेले असताना तीन स्ट्राइकवर बाद झाला. कर्ता आधी, क्रियापद शेवटी आणि 'गा', 'दे' हे प्रत्यय नामाच्या मागे, त्यामुळे मराठी विद्यार्थ्याला वाक्यरचना परकी वाटत नाही. कस लागतो तो अक्षरांत. 'दा' (मारणे) आणि 'शिन' (झटकणे) या दोन्हींच्या डाव्या अंगाला हाताचे चिन्ह आहे; तेच चिन्ह तोशु (चेंडू फेकणारा) आणि होशु (झेलणारा) यांच्या पहिल्या अक्षरांतही येते. एका चिन्हावर चार अक्षरे लक्षात राहतात; सुटी यादी घोकून हे साधत नाही. 'दा' स्वतंत्र क्रियापदात 'उत्सु' असे वाचतात, 'शिन' 'फुरु' असे. 'मान' (भरलेले) याच्या डावीकडे पाणी, 'रुइ'च्या तळाशी माती. रुइचा मूळ अर्थ तटबंदी, म्हणून होनरुइदा (होमरन) म्हणजे मुख्य तटाचा फटका आणि तोरुइ (बेस चोरणे) म्हणजे तटाची चोरी. शॉर्टस्टॉपला तर युगेकिशु, फिरता हल्ला करणारा, म्हणतात. मराठी क्रिकेटमधला 'गोलंदाज'ही मूळचा तोफखान्यातलाच.

समोच्चार. 'चार' आणि 'मृत्यू' दोन्ही 'शि'. त्यामुळे चार बॉल मिळणे आणि चेंडू अंगावर बसणे, दोन्ही 'शिक्यू'. लिखाणात घोटाळा होत नाही; बोलताना 'फोआ बोरु' आणि 'देद्दो बोरु' म्हणतात.

युद्धकाळ. १९४३ मध्ये पंचांच्या इंग्रजी घोषणांऐवजी जपानी शब्द आले. युद्धानंतर इंग्रजी परतले.

सूमो, जूदो. या खेळांच्या संज्ञा मूळच्याच जपानी, म्हणून बेसबॉलसारखे प्रतिशब्द घडवावे लागले नाहीत.