अर्धे बिल आणि पूर्ण मत

रायपूरच्या पुरानी बस्तीत माझ्या आत्याचे सासर आहे. महामाया मंदिराच्या परिसरातील एका अरुंद गल्लीत तिचे जुने कौलारू घर आहे. त्या घराच्या ओसरीवर खुंटीला एक वाकवलेली तार टांगलेली असते आणि त्या तारेत विजेची बिले ओवलेली असतात. माझे काका, म्हणजे आत्याचे यजमान, हिशेबाला पक्के होते. भरलेले बिल कधी फेकायचे नाही हा त्यांचा नियम, आणि ते गेल्यानंतरही आत्याने तो मोडला नाही. सगळ्यांत खालच्या बिलांवर मध्य प्रदेश विद्युत मंडळाचे नाव आहे. त्यांच्यावरच्या थरात छत्तीसगड राज्य विद्युत मंडळ येते आणि सगळ्यांत वरची बिले वितरण कंपनीची आहेत. मंडळाची विभागणी होऊन निरनिराळ्या कंपन्या झाल्या, ते वर्ष २००९. सरकारे बदलली, राज्य बदलले, बिल देणारी संस्था बदलली. मीटर मात्र अजूनही आत्याच्या सासऱ्यांच्या नावावर आहे. वारस नोंदीची कागदपत्रे जमवण्याचे काम गेली अनेक वर्षे 'पुढच्या महिन्यात' होणार आहे.

रायपूर आणि मराठी माणूस हे नाते वाचकांना नवे नसावे. रतनपूरला बिंबाजी भोसले राज्य करीत होते तेव्हापासून इकडे मराठी कुटुंबे येत राहिली. पुरानी बस्तीला लागून असलेल्या लाखेनगरचे नाव ज्या वामन बळीराम लाखे यांच्यावरून पडले, ते माधवराव सप्रे यांच्या 'छत्तीसगढ मित्र' या १९०० साली निघालेल्या मासिकाचे प्रकाशक होते. असो. आजचा विषय त्या तारेवरच्या बिलांचा आहे.

वीजबिल वाढले की मतदार सरकार पाडतो, ही समजूत आपल्या राजकारणात पक्की आहे. मीही ती बरीच वर्षे बाळगली. १ डिसेंबर २००३ रोजी मध्य प्रदेश, छत्तीसगड, राजस्थान आणि दिल्ली या चारही ठिकाणी एकाच दिवशी मतदान झाले. राज्य विभाजनानंतर माझी सेवा मध्य प्रदेशकडे गेली होती आणि त्या निवडणुकीत मी एका जिल्ह्यात निवडणूक कामावर होतो. रब्बीच्या ओलितासाठी शेतकरी रात्ररात्र विजेची वाट पाहत बसत. प्रचारात 'बिजली, सडक, पानी' हे तीन शब्द इतक्या वेळा कानांवर पडले की मतमोजणीच्या केंद्रावरही ते ऐकू येत असल्यासारखे वाटे. ४ डिसेंबरला निकाल लागला. २३० पैकी १७३ जागा भारतीय जनता पक्षाला आणि ३८ काँग्रेसला मिळाल्या. दिग्विजयसिंहांची दहा वर्षांची राजवट संपली. विजेने सरकार पाडले, असे आम्ही सर्व अधिकाऱ्यांनी एकमुखाने ठरवून टाकले.

ज्या सरकारला अंधार भोवला, त्याच सरकारने आपल्या पहिल्या कारकिर्दीत पाच अश्वशक्तीपर्यंतचे पंप आणि गरिबांची एकल बत्तीची जोडणी यांना फुकट वीज दिली होती. मंडळाची तिजोरी रिती होत गेली, पुढे पंपांची बिले पुन्हा सुरू झाली, आणि बिल भरणाऱ्याला वीजही मिळेना. फुकट होते तेव्हाचे उपकार २००३ मध्ये कोणाच्याही तोंडी नव्हते.

त्याच आठवड्यात मी आत्याला दूरध्वनी केला. रायपूरला दिवे नीट होते. १ नोव्हेंबर २००० रोजी राज्य वेगळे झाले तेव्हा ज्या भूभागात वीजकेंद्र, त्या राज्याची वीज, असा हिशेब झाला होता. कोरबा पश्चिमचे ८४० मेगावॅट, कोरबा पूर्वचे जुने संच आणि हसदेव बांगोचे जलविद्युत केंद्र छत्तीसगडकडे आले. मागणीचा मोठा भाग मात्र मध्य प्रदेशात उरला. म्हणजे विजेच्या बाबतीत छत्तीसगड सुखी होते. तरीही तेथे अजित जोगींचे काँग्रेस सरकार गेले, ९० पैकी ५० जागा भाजपला मिळाल्या. आणि दिल्ली? तेथे जुलै २००२ मध्ये वीज वितरण खाजगी कंपन्यांकडे गेले होते, बिलांविषयी कुरबुर होती, आणि शीला दीक्षित ७० पैकी ४७ जागा घेऊन परत आल्या. एकाच दिवसाच्या मतदानात अंधारातील सरकार पडले, उजेडातील सरकारही पडले, आणि बिलांची कुरबुर असलेले टिकले. ही तीन उदाहरणे शेजारी ठेवून पाहण्याइतका विचार मी त्या वेळी केला नाही. अधिकाऱ्याला आपल्या जिल्ह्यापलीकडचे फारसे दिसत नाही, हे त्याचे कारण असावे.

अर्थात विजेचा आणि मतांचा काहीच संबंध नाही असे म्हणणेही चुकीचे ठरेल. मिरियम गोल्डन आणि ब्रायन मिन या अभ्यासकांनी उत्तर प्रदेशाच्या काही दशकांच्या आकड्यांवरून दाखवले की तेथे निवडणुकीच्या सुमारास विजेची 'गळती' वाढते, म्हणजे बिलाविना जाणारी वीज वाढते. महाराष्ट्रात २००४ साली शिवसेनेने शेतकऱ्यांना मोफत विजेचे आश्वासन दिले, तेव्हा सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारने निवडणुकीपूर्वीच ते अमलात आणून विरोधकांच्या हातातील घोषणा काढून घेतली. आघाडी सत्तेवर परतली आणि २००५ मध्ये, विलासराव देशमुखांच्या काळात, ती सवलत मागे घेतली गेली. सवलत देण्याची वेळ निवडणुकीच्या आधी आणि काढण्याची वेळ निवडणुकीनंतर; हे वेळापत्रक कोणत्याही शासकीय पुस्तिकेत छापलेले नाही, पण प्रत्येक सचिवाला पाठ असते.

आता पुन्हा पुरानी बस्तीकडे येऊ. २०१३ साली दिल्लीत अरविंद केजरीवाल यांनी वाढीव बिलांविरुद्ध उपोषण करून निम्म्या बिलाची घोषणा प्रचारात आणली होती. छत्तीसगडमध्ये २०१८ च्या निवडणुकीत काँग्रेसने 'बिजली बिल हाफ' हे वचन दिले. पक्षाला ९० पैकी ६८ जागा मिळाल्या आणि भूपेश बघेल मुख्यमंत्री झाले. मार्च २०१९ पासून घरगुती ग्राहकाला पहिल्या ४०० युनिटांपर्यंत निम्म्या दराची सवलत सुरू झाली. त्या विजयात धानाच्या भावाचे आणि कर्जमाफीचे वचन किती आणि विजेचे किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. पण पुरानी बस्ती ज्या रायपूर शहर दक्षिण मतदारसंघात येते, तेथील मतदाराला धान विकायचे नव्हते. कर्जमाफीही त्याची नव्हती. त्याच्या घरात येणारे वचन मुख्यतः हे निम्म्या बिलाचेच. आणि त्या मतदारसंघाने २०१८ मध्ये, राज्यभर लाट असताना, भाजपच्या बृजमोहन अग्रवाल यांनाच निवडून दिले. मताधिक्य सुमारे साडेसतरा हजारांचे होते.

पुढची पावणेपाच वर्षे याच गल्ल्यांतून निम्मी बिले वाटली गेली. बिलावर सवलतीची रक्कम वेगळी छापलेली असे. मग २०२३ ची निवडणूक आली. काँग्रेसने आणखी पुढे जाऊन २०० युनिट मोफत देण्याचे वचन दिले. दक्षिण रायपुरात पक्षाचे उमेदवार होते दूधाधारी मठाचे महंत रामसुंदर दास. मठ याच जुन्या शहराच्या अंगणातला. बृजमोहन अग्रवाल यांचे मताधिक्य या वेळी सदुसष्ट हजारांच्या वर गेले. राज्यातही काँग्रेस ३५ जागांवर आली आणि भाजपला ५४ मिळाल्या. ज्याला निम्मे बिल मिळत होते त्याने निम्मे बिल देणाऱ्याला मत दिले नाही, आणि ज्याने दिले नाही त्याचे मताधिक्य जवळजवळ चौपट झाले.

मी आत्याला विचारले, "आत्या, पाच वर्षं बिल अर्धं आलं, तरी मत तिकडेच?"

"अर्धं कुठे रे? जेवढं येत होतं तेवढंच भरत होतो ना आम्ही," ती म्हणाली. "दोन-चार महिने वाटलं अर्धं. मग तेच आमचं बिल झालं."

एवढे साधे उत्तर मला कोणत्याही अहवालात मिळाले नव्हते. त्यात तिने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला आधी सुचायला हवी होती. आमच्याकडे निवडणूक नोव्हेंबरात होते. रायपूरचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना माहीत आहे की मे महिन्यात कूलरविना घरात बसवत नाही. मीटर पळते ते एप्रिल ते जूनमध्ये. नोव्हेंबरात कूलर माळ्यावर गेलेले असतात, पंखेही निम्मा वेळ बंद. मतदार ज्या आठवड्यात मतदान करतो त्या आठवड्यात त्याच्या हातातील बिल वर्षातील सर्वांत हलक्या बिलांपैकी असते. मेमध्ये मतदान झाले असते तर कदाचित हा लेख मला निराळा लिहावा लागला असता.

भाडेकऱ्यांची गोष्ट तर याहून निराळी. जुन्या वस्तीत खोल्या भाड्याने दिलेल्या असतात. घरमालक आपल्या मीटरवरून जोडणी देतो, भाडेकऱ्यासाठी एक छोटे मीटर लावतो आणि युनिटमागे ठरलेला दर घेतो. सवलत आली तेव्हा तो दर कमी झाल्याचे मी पुरानी बस्तीत कोणाकडून ऐकले नाही. त्यामुळे सर्वांत गरजू मतदाराला सवलत कधी दिसलीच नाही. हा योजनेचा दोष की अंमलबजावणीचा, यावर आमच्या सेवेत तासभर चर्चा होऊ शकते; माझ्या मते ज्या योजनेत लाभार्थी माणूस नसून मीटर असतो, तिचे असेच होणार. २०२३ च्या निवडणुकीत भाजपने विवाहित महिलेच्या खात्यात दरमहा एक हजार रुपये देणारी महतारी वंदन योजना पुढे ठेवली होती. तो पैसा तिच्या नावाने येतो. बिल मात्र सासऱ्याच्या नावाने येते, आणि सासरा कधीचा गेलेला असतो.

कायद्याची एक बाजूही येथे नोंदवली पाहिजे. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ६५ प्रमाणे सरकारला सवलत द्यायची असेल तर तिची रक्कम वितरण कंपनीला आगाऊ द्यावी लागते. दर ठरवायचा नियामक आयोगाने, सवलत ठरवायची मंत्रिमंडळाने, आणि शिव्या खायच्या बिल वाटणाऱ्याने, अशी ही व्यवस्था आहे. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या आयोगाने घरगुती दरात युनिटमागे १० ते २० पैशांची वाढ केली. त्यावर निवेदने निघाली, पण घराघरांत फारशी खळबळ झाली नाही. १ ऑगस्ट २०२५ पासून विष्णुदेव साय सरकारने निम्म्या बिलाची मर्यादा ४०० वरून १०० युनिटांवर आणली, तेव्हा मात्र पुरानी बस्ती जागी झाली. सरकारचे म्हणणे होते की सुमारे ४५ लाख घरगुती ग्राहकांपैकी ३१ लाख १०० युनिटांच्या आतच आहेत, आणि इतरांनी केंद्राच्या सूर्यघर योजनेतून छतावर सौर पट्ट्या बसवाव्यात. आकडेवारी म्हणून यात खोट काढता येत नाही. पण आत्याच्या घरात ती स्वतः आणि तिचे दोन मुलगे अशा तीन चुली आहेत आणि मीटर एकच. तीन वेगळी घरे असती तर तिन्ही शंभरच्या आसपास राहिली असती. एकत्र राहिली म्हणून तिन्ही अपात्र. कौलांवर सौर पट्ट्या बसवायच्या तर आधी छप्पर बदलावे लागेल, आणि अर्ज कोणाच्या नावाने करायचा हा प्रश्न आहेच.

त्या महिन्यात आत्या मला स्वतः दूरध्वनी करून बोलली. सवलत आली होती तेव्हा तिने फोन केला नव्हता.

वेळ पाहा. फेब्रुवारी २०२५ मध्ये नगरपालिकांच्या निवडणुका होऊन, मतदान झालेल्या दहाही महापालिका भाजपकडे आल्या होत्या. विधानसभा निवडणूक तीन वर्षे दूर. सवलत कमी करायला याहून सुरक्षित काळ नव्हता. तरीसुद्धा चार महिन्यांतच मर्यादा पुन्हा वाढवून २०० युनिट करण्यात आली. ती १ डिसेंबर २०२५ पासून लागू झाली, आणि २०० ते ४०० युनिट वापरणाऱ्यांनाही एक वर्षापुरता पहिल्या २०० युनिटांचा लाभ देण्यात आला. मतपेटी जवळपास नसताना हे घडले. वीजबिलाचा राजकीय परिणाम आपण मतदानाच्या दिवशी शोधत बसतो. माझ्या अनुभवात तो दोन निवडणुकांच्या मधल्या काळात, आमदाराच्या ओसरीवर आणि सचिवाच्या टेबलावर अधिक दिसतो. दिल्लीत २०० युनिट मोफत चालू असतानाच फेब्रुवारी २०२० मध्ये आम आदमी पक्षाला ६२ जागा मिळाल्या आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये २२. पण त्यानंतर आलेल्या सरकारनेही ती सवलत लगेच बंद करण्याचे धाडस केले नाही.

डिसेंबरचे बिल आल्यावर मी रायपूरला गेलो होतो. आत्याने ते अजून तारेत ओवले नव्हते. तिला माझ्याकडून एक हिशेब लिहून हवा होता : मे महिन्यात कूलर किती तास चालवले म्हणजे बिल दोनशेच्या आत राहील. मी बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिले. एक कूलर १८० वॅटचा धरला, दिवसाला चौदा तास, म्हणजे रोजची अडीच युनिटे आणि महिन्याची पंचाहत्तर. तीन खोल्यांचे तीन कूलर, सव्वादोनशे. दिवे, पंखे, फ्रिज, पाण्याची मोटर अजून धरलेच नव्हते.

आत्याने कागद उलटसुलट करून पाहिला आणि धाकट्या मुलाला हाक मारून म्हणाली, "ते मीटर वेगळं कराचं कुठे लिहून द्यावं लागते, ते विचारून ये उद्या."