बसऱ्याचे आजोबा आणि दोन बिल्ले

गेल्या महिन्यात आजोळी, थळला जाऊन आलो. मामा गेल्यानंतर पहिल्यांदाच. मामीने त्याची काळी ट्रंक उघडली. मराठा लाइट इन्फंट्रीतली त्याची सगळी नोकरी त्या ट्रंकेत मावली होती. तळाशी रुमालात बांधलेले दोन बिल्ले निघाले. एकाच दोरीत ओवलेले, दोन्हींवर तोच नंबर, तेच नाव.

लहानपणी मी मामाला विचारलं होतं, "दोन कशाला?"
"एक घरी जातो, एक माझ्याजवळ राहतो," एवढंच म्हणाला आणि बोंबील आणायला बंदरावर निघून गेला. तेव्हा काही कळलं नाही. आता थोडं वाचल्यावर कळतंय.

युद्धात मेलेल्या साध्या शिपायाचं नाव राखावं ही कल्पना तशी अलीकडची. थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर खांदेरी दिसते. १६७९ साली महाराजांच्या हुकुमावरून मायनाक भंडारींनी इंग्रज आणि सिद्दीला तोंड देत तिथे किल्ला उभारला. मायनाक भंडारी आपल्याला ठाऊक आहेत. पण त्यांच्याबरोबर दगड वाहणारे, होड्या वल्हवणारे, त्या पाण्यात गेलेले? त्यांची नावं समुद्रालाच माहीत.

पुढे शिपायांनी स्वतःच यावर उपाय शोधला. १८६४ साली अमेरिकेच्या यादवी युद्धात, कोल्ड हार्बरच्या हल्ल्याच्या आदल्या रात्री सैनिक आपल्या कोटांना काहीतरी शिवत बसलेले होरेस पोर्टर या अधिकाऱ्याने पाहिले. त्याला वाटलं, फाटके कोट शिवताहेत. जवळ जाऊन पाहतो तर नाव-पत्ता लिहिलेल्या चिठ्ठ्या! उद्या आपण मरणार, निदान घरी तरी कळावं, म्हणून.

ब्रिटिश सैन्याने १९०७ साली ॲल्युमिनियमचा बिल्ला दिला. पण एकच. पहिलं महायुद्ध पेटलं आणि त्यातली चूक उघडी पडली. मेलेल्याचा बिल्ला काढून नेला की घरी खबर जायची, पण मागे राहिलेला देह निनावी व्हायचा. नंतर पुरायला येणाऱ्यांना तो कोणाचा हे समजायला मार्गच नसायचा. म्हणून १९१६ मध्ये दोन बिल्ले आले, दाबून केलेल्या तंतूंचे: लाल गोल आणि हिरवा अष्टकोनी. लाल काढून न्यायचा, हिरवा देहावर ठेवायचा. मामाच्या एका वाक्यात हा सगळा इतिहास होता तर!

हिरव्या बिल्ल्याचं मोल मला २०२२ साली कळलं. सियाचेनच्या बर्फात कुमाऊँ रेजिमेंटच्या एका लान्स नायकाचे अवशेष सापडले. १९८४ साली हिमस्खलनात गेलेला माणूस. अडतीस वर्षांनी तो कोण हे सांगितलं ते त्याच्याजवळच्या बिल्ल्यावरच्या नंबराने. बायको-मुलींना अखेर त्याचे अंत्यसंस्कार करता आले.

आता आमच्या घरातलं. आजोबांचे एक चुलते पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेले, म्हणजे आजच्या इराकमध्ये. आपल्याकडे तिला 'बसऱ्याची लढाई'च म्हणतात. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी कुतच्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत उपासमार, मग शरणागती आणि तुर्कांची कैद. आमचे आजोबा कुतलाच होते की कसे, कोण सांगणार? ते परतले नाहीत एवढं खरं.

ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ४० हजारांहून अधिक जणांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याला स्मारक झालं. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली. हिंदी लोकांतल्या अधिकाऱ्यांचीही कोरली. आणि हिंदी शिपाई? पलटणीच्या नावाखाली नुसती संख्या, 'आणि इतर इतके'. २०२१ साली युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने हा भेदभाव झाल्याचं मान्य करून माफी मागितली.

हे वाचून मला फार राग आला. मामीला तावातावाने सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खरंच वाईट. पण काय रे, त्यांचं नाव काय होतं?"

मला उत्तर देता येईना. तिलाही ठाऊक नव्हतं. आईला फोन केला, तिलाही नाही. आमच्या घरात ते कायम 'बसऱ्याचे आजोबा'. श्राद्धाच्या पानावर, गप्पांत, सगळीकडे. इंग्रजांनी त्यांचा आकडा केला, आम्ही त्यांचा गाव करून टाकला. नाव दोघांनीही ठेवलं नाही. आज जुन्या नोंदी शोधता येतात, पण शोधायलाही आधी नाव लागतं ना!

असो. मामाचे दोन्ही बिल्ले मी परत तसेच रुमालात बांधून ठेवले. ती जोडी फुटली नाही, दोन्ही एकत्र घरी आले, हे त्या घराचं केवढं भाग्य, ते आता समजतंय.

आणि आजोळच्या मंडळींना एक विनंती. कोणाकडे जुनी वंशावळ असेल, पेन्शनीचा एखादा कागद असेल, नाहीतर एखाद्या म्हाताऱ्या आत्याला आठवत असेल, तर जरूर कळवा. पुढच्या पितृपक्षात पान त्यांच्या नावाने वाढायचं आहे.